मोकळ्या केसांची मारामारी

"काल रात्री तुमच्याकडं कोण गेलं गं?"

मावशींनी मेंदीच्या कुंपणावरून मान काढून विचारलं, तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. म्हटलं, "कोणी नाही हो मावशी. लेकानं 'ॲव्हेंजर्स : एन्डगेम' लावला होता. त्यातली नताशा कड्यावरून उडी टाकते, तो आवाज."

"आणि मग मुसमुसत होतं ते?"

"ते मी."

झालं. मावशींनी मेथीची जुडी नि परात कट्ट्यावर ठेवली आणि ऐसपैस टेकल्या. खडकीतल्या आमच्या या बैठ्या घरांचं असंच आहे. भिंतीला भिंत, कुंपणाला कुंपण. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा एकमेकींच्या मोजतो. कोण मेलं ते नीट कळल्याशिवाय मावशी हलणार नव्हत्या.

मग मी सांगितलं. ही नताशा, म्हणजे ब्लॅक विडो, पहिल्यांदा आली 2010 साली, 'आयर्न मॅन 2'मध्ये. पुढं सगळ्या पुरुषांच्या बरोबरीनं राबली. कोणाला हातोडा, कोणाला ढाल, कोणाला लोखंडी कवच. हिच्याकडं आपले हातपाय आणि डोकं. 2019 च्या 'एन्डगेम'मध्ये जग वाचवायला जीव दिला. त्याच सिनेमात आयर्न मॅनही गेला. आणि तिच्या नावाचा स्वतंत्र सिनेमा आला 2021 मध्ये.

"म्हणजे मेल्यावर?"

"मेल्यावर."

"बरं, दिवसकार्य तरी केलं का तिचं?"

मी जरा थबकले. हा प्रश्न जगभरच्या लोकांनी विचारलाय, पण इतक्या नेमक्या शब्दांत नसेल विचारला. म्हटलं, "त्या लोखंडी माणसाचं साग्रसंगीत झालं. तळ्याकाठी झाडून सगळे काळे कपडे घालून हजर. पाण्यात फुलं सोडली. हिच्यासाठी पाच पुरुष तळ्याकाठी उभे राहिले, दोन शब्द बोलले, एकानं रागानं बाक उचलून पाण्यात भिरकावला. की लागले कामाला."

"घरचं कोणी नव्हतं वाटतं तिला."

"तेच विचारतो त्यांच्यातला एक. तर दुसरा म्हणतो, आपणच की तिचे घरचे."

"घरचे म्हणवता आणि दहाव्यालाही बसत नाही?" मावशींनी मेथीची मुळं अशी खुडली, की त्या पाचांपैकी एखाद्याची मान हातात असावी.

एवढ्यात मावशींची नात चहा घेऊन बाहेर आली. इंजिनिअरिंगला आहे आणि या विषयावर तिच्याकडं भरपूर साठा आहे. "आजी, तिची मोटरसायकलसुद्धा ढापली होती." 2015 च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये नताशा उडत्या विमानातून मोटरसायकलसकट खाली झेप घेते. सिनेमातली झकास जागा. त्याच प्रसंगाचं खेळणं बाजारात आलं, विमान, मोटरसायकल सगळं जिथल्या तिथं. फक्त गाडीवर बसवला होता कॅप्टन अमेरिका.

"गाडी हिची नि बसला तो?"

"आणि 'आयर्न मॅन 3'मध्ये तर खलनायक मुळात बाई होती. दिग्दर्शक शेन ब्लॅकनं स्वतःच नंतर सांगितलं, की बाईचं खेळणं खपत नाही म्हणून वरून निरोप आला, मग बाईचा बाप्या केला."

मावशी म्हणाल्या, "दुकानात ठेवलंच नाही तर खपेल कसं? मी उद्या म्हणेन, आमच्या घरात कारल्याला कोणी हात लावत नाही. अगं, केलीस कधी कारल्याची भाजी?"

मावशींची एक गंमत सांगायला हवी. त्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झाल्या. कारखाना 1869 चा. खडकीतल्या निम्म्या घरांच्या चुली त्याच्यावर पेटल्या. त्यामुळं मारधाडीचा सिनेमा त्या आमच्यासारख्या बघतच नाहीत. आम्ही हीरो बघतो, मावशी गोळ्या मोजतात. "त्या पिस्तुलात मावतात किती, हा झाडतोय किती! मॅगझिन बदलताना दिसला का तुला?" एकदा एका हिरॉइनीनं भलीमोठी मशीनगन एका हातात धरून, दुसऱ्या हातानं केस मागं सारत गोळ्या झाडल्या. मावशी टीव्हीसमोरून उठूनच गेल्या. माल फुकट घालवलेला त्यांना बघवत नाही.

पण त्यांचा खरा राग केसांवर. "आमच्यात गेटवर झडती व्हायची. काडेपेटी बाहेर, मोबाइल बाहेर. अंबाडा घट्ट, साडी खोचलेली. एक बट मशीनमध्ये गुंतली तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि ह्या बया! चाळीस माणसं अंगावर येतायत आणि केस कसे, आत्ताच न्हाऊन आल्यासारखे. कोणी झिंजा धरून आपटत कसं नाही गं यांना?"

नात म्हणाली, "आजी, ते दिसायला छान दिसतं म्हणून."

"कोणाला?"

नातीनं चहा पुढं केला.

मी म्हटलं, पूर्वी तर त्या केसांच्या आत बाईच नसायची. हिरॉइनीची उडी असली, की एखाद्या पुरुष स्टंटवाल्याला टोप नि घागरा चढवायचे. 'शोले' बघा, 1975 चा. बसंती टांगा उधळते, ती धाव आठवते ना? त्यात हेमामालिनीच्या जागी रेश्मा पठाण नावाची मुंबईची पोरगी होती. टांगा उलटून ती खरोखर जखमी झाली होती. हिंदी सिनेमात दुसरीच्या जागी स्टंट करणाऱ्या पहिल्यावहिल्या बायकांपैकी ती एक. धन्नो घोडीचं नाव अख्ख्या देशाला पाठ; रेश्माचं कळायला चाळीसेक वर्षं गेली, 2019 मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला तेव्हा.

"त्यात तिचे केस बांधलेले होते का?"

मावशी विषय सोडत नाहीत.

केसांवरूनच मग 'बाहुबली' निघाला. 2015 चा पहिला भाग. त्यातली अवंतिका आठवते? रानात राहणारी, तलवार चालवणारी, देवसेनेला सोडवून आणायच्या मोहिमेवर निघालेली. स्वतःचं काम असलेली बाई. आणि मग हीरो येतो. लढता लढता तिचे केस सोडतो, अंगावरचं लढाईचं वस्त्र उतरवतो, काजळ नि रंग लावतो, आणि तिला पाण्यात स्वतःचं रूप दाखवतो. सिनेमाचं म्हणणं, बघ, तू किती सुंदर आहेस हे तुलाच माहीत नव्हतं. त्यावर तेव्हा पेपरांतून भरपूर लिहून आलं, की हे प्रेम नाही, जबरदस्ती आहे. बरोबरच होतं ते. पण मला त्याच्याही पुढची गोष्ट जास्त खटकली. शृंगार उरकल्यावर तो म्हणतो, तुझी मोहीम आता माझी. आणि निघतो. दुसऱ्या भागात अवंतिका शोधून सापडत नाही.

मावशींनी मेथी खाली ठेवली. "म्हणजे केस सोडले नि कामही काढून घेतलं."

बाई मारामारी करते की नाही, हा हिशेबच मुळी चुकीचा. हल्ली सगळ्याच जणी करतात. 2023 च्या 'टायगर 3'मध्ये कतरिना टॉवेल गुंडाळून हाणामारी करते आणि उत्तम करते. ज्यानं त्यानं तेवढंच बघितलं. मारामारी बाईच्या हातात दिली, पण भांडण दिलं नाही. भांडण कोणाचं? त्याच्या बापाचं, त्याच्या देशाचं, त्याच्या जुन्या वैऱ्याचं. ही आपली पदर खोचून त्याच्या भांडणात उतरलेली. आणि मावशींना विचारा, दुसऱ्याच्या भांडणात उतरलेल्या माणसाला शेवटी कोणी विचारत नाही. हे आमच्या आळीत नळाच्या रांगेतच कळतं.

याला अपवाद त्याच 'बाहुबली'त आहेत, हेही खरं. शिवगामी आणि देवसेना. त्या दोघींचं भांडण एकमेकींशी आहे, राज्याचं आहे, शब्दाचं आहे, आणि त्यासाठी दोघी आपापली किंमत मोजतात. एकीनं तर भरल्या दरबारात मान ताठ ठेवली. शिवगामी झालेली रम्या कृष्णन सिंहासनावर बसली, की समोर कितीही हत्ती नाचोत, आपण तिच्याकडंच बघतो. म्हणजे जमतं. जमवायचं असलं तर.

"मग आपल्या येसूबाईचं का नाही जमलं?" मावशी म्हणाल्या.

हा विषय निघणारच होता. फेब्रुवारी 2025 मध्ये संभाजीराजांवरचा 'छावा' आला, तेव्हा आमची अर्धी आळी ई-स्क्वेअरला गेली होती. येताना सगळ्यांचे डोळे लाल. मावशीसुद्धा रडल्या, पण घरी आल्यावर चिडल्या. त्यांचा राग येसूबाई झालेल्या रश्मिकाच्या उच्चारांवर नव्हता. त्यावर बाकी सगळ्यांनी तोंडसुख घेतलंच होतं. ट्रेलरमध्ये राजे आणि येसूबाई लेझीम खेळताना दाखवले म्हणून केवढा गहजब झाला! दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ती लेझीम काढून टाकली. म्हणजे महाराणीनं नाचावं की नाचू नये यावर सगळे हिरिरीनं बोलले. महाराणीला सिनेमात काम किती, यावर चकार शब्द नाही.

"ओवाळते, वाट बघते, डोळ्यांत पाणी आणते," मावशी म्हणाल्या. "थोडं दरबारात बसवलंय म्हणा. पण बाईचा खरा सिनेमा तर पुढंच आहे."

आणि तो कसला आहे बघा! 1689 च्या मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या झाली. इथून तुळापूर कितीसं लांब? त्या वेळी येसूबाई रायगडावर. पदरात सात वर्षांचा शाहू. झुल्फिकारखानाचा वेढा पडतोय. गादीवर स्वतःच्या पोराला बसवायचा हट्ट धरता आला असता. बाईंनी धाकट्या दिरांना, राजारामांना पुढं केलं, त्यांना गडाबाहेर पडून जिंजीकडं जायला लावलं, आणि स्वतः मागं राहून गड लढवला. वर्षअखेरीस गड पडला. ती आणि शाहू मोगलांच्या कैदेत. शाहू सुटला 1707 मध्ये. येसूबाई परत आली 1719 मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून आले तेव्हा. जवळपास तीस वर्षं.

"तीस वर्षं म्हणजे माझी अख्खी नोकरी गं," मावशी म्हणाल्या. "आणि हिला ना रजा, ना पेन्शन."

तिच्या शिक्क्यावर 'श्री सखी राज्ञी जयति' असं होतं, हे शाळेत शिकवतात. त्यातली सखी सिनेमानं उचलली, राज्ञी ठेवून दिली. आता कोणी म्हणेल, सिनेमा राजांवर आहे, बाईंवर नाही. कबूल. पण शेकडो कोटींचे सिनेमे नेहमी राजांवरच का निघतात, एवढं तरी विचारू द्या. एका वेढ्यात निर्णय घेणारी बाई, शत्रूच्या छावणीत पोर वाढवणारी बाई, यात घोडे आहेत, तोफा आहेत, डावपेच आहेत. काय कमी आहे? तलवारीचा खणखणाट पाहिजे तर पुढं ताराबाई बसलीच आहे, औरंगजेबाला 1700 ते 1707 झुंजवणारी.

नात म्हणाली, "काकू, असल्या बायका सिनेमात दाखवायची आपल्याकडं पद्धतच नाही."

मला तेवढंच निमित्त हवं होतं. "पद्धत नाही? अगं, इथून दोन पावलांवर होती. लॉ कॉलेज रोडला."

आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथं 'प्रभात'चा स्टुडिओ होता. कोल्हापूरहून मंडळी 1933 मध्ये पुण्याला आली आणि 1936 मध्ये शांतारामबापूंनी 'अमरज्योती' काढला. समुद्र नसलेल्या पुण्यातल्या कंपनीनं जहाजावरचा सिनेमा काढला, आणि त्या जहाजाची कप्तान कोण? दुर्गा खोटे. सौदामिनी नावाची चाचीण. चाचीण झाली का, तर नवऱ्यापासून सुटल्यावर तिनं स्वतःचा मुलगा मागितला आणि राज्याच्या न्यायानं सांगितलं, बायको ही नवऱ्याची दासी, तिला कसला हक्क? मग बाई समुद्रावर गेली आणि त्या राज्याची जहाजं लुटायला लागली.

"बघ!" मावशी म्हणाल्या. "हिचं भांडण हिचं आहे."

शेवटाकडं तो सिनेमाही प्रेमप्रकरणाकडं कलतो, आणि मला विचाराल तर तिथं ढिला पडतो. पण नव्वद वर्षांपूर्वी नायिकेला पोराच्या ताब्यावरून सरकारशी वैर धरायला लावणं ही काही साधी गोष्ट नव्हे. व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला होता तो. त्याच्या आदल्या वर्षी, 1935 मध्ये, मुंबईत वाडियांनी 'हंटरवाली' काढला होता. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया, तोंडावर मुखवटा, हातात चाबूक, आणि उड्या स्वतःच्या स्वतः मारायची. टोप घातलेला पुरुष नाही. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये आगगाडीच्या टपावर मारामारी केली. म्हणजे जग जिला सुपरहिरोइन म्हणून आत्ता डोक्यावर घेतंय, ती दादरच्या थेटरात आमच्या आजेसासूबाईंनी चार आण्यांत बघितली असणार.

"अमरज्योतीतल्या राजकन्येचं सांग की," मावशींनी डोळा बारीक केला. हा किस्सा त्यांना पाठ आहे, तरी दर वेळी ऐकायचा असतो.

राजकन्या झाली होती शांता आपटे. तीन वर्षांनी, 1939 मध्ये, तिचं कंपनीशी बिनसलं. बाई रडली नाही, रुसली नाही. सरळ 'प्रभात'च्या फाटकात उपोषणाला बसली. गावभर बोभाटा. पडद्यावरच्या कुठल्याही हाणामारीपेक्षा मला ती फाटकातली बैठक जास्त मोठी वाटते.

"आणि चाचिणीचं पुढं काय झालं?" नातीनं विचारलं.

"व्हायचं तेच. 1960 च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये बघशील, दुर्गाबाई जोधाबाई आहेत. बाप नि लेक लढतायत आणि आई मध्ये उभी राहून डोळे पुसतेय." काम अप्रतिमच केलंय त्यांनी, त्यात वाद नाही. पण जहाज गेलं ते गेलंच.

हल्लीचं म्हणाल तर थोडं इकडं, थोडं तिकडं. 2024 च्या 'सिंघम अगेन'मध्ये दीपिकाला वर्दी चढवून लेडी सिंघम केलं आणि त्याच सिनेमात करीनाला पळवून नेलं, कारण रामायण करायचं होतं. 'जवान'मध्ये शाहरुखच्या टोळीत सहा जणी. त्यात आपली गिरिजा ओक होती, म्हणून आमच्या आळीनं शिट्ट्या मारल्या. शेतकऱ्याच्या पोरीची कथा सांगितली, डॉक्टरणीची सांगितली, ती खरोखर पोटात कालवते. गिरिजाची वेळ येईपर्यंत रीळ संपलं असावं.

"आजी, तू 'लोका' बघ," नात म्हणाली. मल्याळम आहे, ऑगस्ट 2025 मध्ये आला, अख्खं नाव 'लोका चॅप्टर वन : चंद्रा'. कल्याणी प्रियदर्शन त्यात चंद्रा. केरळातल्या नीली नावाच्या यक्षीच्या जुन्या गोष्टीवरून बेतलेली. बंगळुरात भाड्यानं राहते, कॅफेत काम करते, रात्री हिंडते. समोरच्या इमारतीतला मुलगा तिच्या प्रेमात पडतो, घाबरतो, आणि तिच्या मागून पळत राहतो. हीरो येऊन वाचवेल म्हणून ती वाट बघत बसत नाही. बजेट म्हणे तीसेक कोटी, धंदा तीनशे कोटींच्या आसपास. बाईवर पैसे लावले तर बुडतात म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा पाटीवर मांडून बघावं.

"केस?" मावशींनी विचारलं.

नात हसली. "आजी, ती यक्षी आहे. यक्षीचे केस मोकळेच असतात."

"मग ठीक. तिला कारण आहे."

मग बोलणं खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीकडं, एनडीएकडं गेलं. मे 2025 अखेरीस एनडीएच्या परेड ग्राउंडवरून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. 2022 मध्ये आत गेल्या होत्या. मावशींनी ती परेड टीव्हीवर अथपासून इतिपर्यंत बघितली होती, गोळ्या न मोजता. "एकीचाही पाय चुकला नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्यातली कोणती पोरगी कोणती नि पोरगा कोणता, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. म्हटलं, झकास."

मेथी निवडून झाली होती. निम्मी मावशींनी कुंपणावरून माझ्या परातीत टाकली आणि उठता उठता म्हणाल्या, "रविवारी तुझा लेक कुठल्यातरी नव्या मारधाडीला घेऊन जाणार म्हणतोय ना?"

"हो. तुमचंही तिकीट काढायला सांगितलंय."

"मग त्याला म्हणावं, आधी मोबाइलवर बघून ठेव, बाईला शेवटपर्यंत काम आहे का. नसेल, तर थेटरवाल्याला विचार, मध्यंतरापर्यंतचं अर्धं तिकीट देतो का. मी बाहेर बसून समोसा खाईन."